राव्हेनाचे निळे छत आणि एक गोधडी: प्रकरण अभ्यास

इटलीच्या ईशान्य भागात, एड्रियाटिक समुद्रापासून जवळ, राव्हेना नावाचे शहर आहे. त्या शहरात गाला प्लासिदियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी जी वास्तू आहे, ती इतकी लहान आणि बाहेरून इतकी साधी आहे की, शेजारच्या सान व्हिताले चर्चकडे निघालेल्या माणसाचे तिच्याकडे लक्षही जाऊ नये. क्रूसाच्या आकाराचा आराखडा, उघड्या विटांच्या भिंती आणि मधोमध एक बुटका चौकोनी मनोरा, एवढेच बाहेरून दिसते. इ.स. 425 ते 450 च्या सुमारास ती बांधली गेली. गाला प्लासिदिया ही रोमन सम्राट पहिला थिओडोसियस याची कन्या. ती 450 मध्ये रोम येथे वारली आणि तिचे दफन राव्हेनात झाले नसावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, तरी वास्तूला नाव मात्र तिचेच चिकटले आहे. युनेस्कोने 1996 मध्ये या शहरातील आठ प्राचीन वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हीसुद्धा आहे.

या वास्तूच्या छतावरील मोझॅकवरून, म्हणजे काचेचे लहान तुकडे बसवून केलेल्या चित्रावरून, मी भिंतीवर लावण्याची एक गोधडी केली. तिचे माप 120 सेंटिमीटर चौरस ठरवले होते, आणि ती पूर्ण व्हायला चौदा महिने लागले. अशा कामाला सर्वत्र आर्ट क्विल्ट म्हणतात. मी गोधडीच म्हणते, कारण तीन थर आणि त्यांना बांधून ठेवणारा धावदोरा ही ओळख दोन्हींना सारखीच लागू पडते. दगडाकाचेचे काम कापडात आणताना नेमके काय आणायचे असते, याबद्दलची माझी समजूत या चौदा महिन्यांत पूर्ण बदलली. सुरुवातीला मला वाटत होते की रंग आणि आकृती साधली की झाले. प्रत्यक्षात सगळे काम अडून राहिले ते तुकड्यांमधल्या फटीवर आणि तुकड्यांच्या ओळी कोणत्या दिशेने वाहतात यावर. हा बदल कसा झाला, हे पुढे क्रमाने लिहिले आहे.

छत प्रत्यक्ष पाहताना

मुलगी नोकरीनिमित्त इटलीतल्याच बोलोन्या शहरात राहत असताना आम्ही रेल्वेने राव्हेनाला गेलो होतो. समाधीत एका वेळी थोडीच माणसे सोडतात आणि आत थांबायला मोजकी मिनिटे मिळतात. उन्हातून आत शिरल्यावर पहिला अर्धा मिनिट काहीच दिसत नाही. खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे बसवलेले आहेत आणि त्यांतून मधाच्या रंगाचा मंद उजेड येतो. डोळे सरावले की डोक्यावर गडद निळे आकाश उघडते; त्यात मधोमध सोनेरी क्रूस, चार कोपऱ्यांत चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रे लिहिणाऱ्यांची, पंख असलेली प्रतीके आणि त्या क्रूसाभोवती वर्तुळांच्या रांगांनी मांडलेले शेकडो सोनेरी तारे. तारे क्रूसाच्या जवळ जातात तसे लहान होत जातात, म्हणून घुमट आहे त्यापेक्षा खोल वाटतो.

एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. शतकानुशतके भोवतालची जमीन खचत गेल्यामुळे आतली फरशी मूळ पातळीच्या सुमारे दीड मीटर वर घेतलेली आहे. त्यामुळे छत मूळ बांधणाऱ्यांनी योजले होते त्यापेक्षा पाहणाऱ्याच्या जवळ आले आहे, आणि चांगली नजर असेल तर सुटा सुटा तुकडा दिसतो. मोझॅकच्या अशा तुकड्याला टेसेरा म्हणतात. निळे टेसेरे रंगीत काचेचे आहेत. सोनेरी टेसेरा म्हणजे दोन काचांच्या मध्ये दाबलेला सोन्याचा वर्ख. खालची काच जाड आणि वरची अगदी पातळ. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, परंपरेतले कारागीर असे तुकडे चुन्याच्या ओल्या गिलाव्यात किंचित निरनिराळ्या कोनांत दाबत, म्हणजे पाहणारा चालू लागला की एक तुकडा विझतो आणि दुसरा पेटतो. मी तेथे चार पावले मागेपुढे करून हे पाहिले. पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्या चार पावलांत होते, पण ते मला बरेच उशिरा कळले.

मांडणी आणि साहित्य

संपूर्ण घुमट कापडावर आणणे मला योग्य वाटले नाही. क्रूस आणि शुभवर्तमानकार ही एका धर्माच्या उपासनेची चिन्हे आहेत. ती माझ्या दिवाणखान्यात केवळ नक्षी म्हणून टांगावीत हे मनाला पटेना. शिवाय मला ओढ होती ती ताऱ्यांची. म्हणून घुमटाचा एक चतुर्थांश भाग घेतला. वर्तुळांचा मध्य गोधडीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याबाहेर धरला आणि तेथून उलगडत येणाऱ्या कमानींवर 43 तारे बसवले. कोपऱ्याजवळचा तारा चार सेंटिमीटरचा आणि समोरच्या कोपऱ्यातला अकरा सेंटिमीटरचा. घुमटाची गोलाई कापडाला नाही, त्यामुळे खोलीचा सगळा भास आकार आणि अंतर यांनीच साधायचा होता. त्याला मदत म्हणून कोपऱ्याकडे निळा रंग थोडा अधिक गडद करत नेला. हा फरक माझा आहे, मूळ छताचा नाही.

निळ्यासाठी मी मॅचिंग सेंटरमध्ये गेले. ब्लाउजच्या टू बाय टू कापडाइतक्या छटा दुसऱ्या कोणत्याही सुती कापडात एका जागी मिळत नाहीत, आणि मराठी बायकांना त्या छटांची नावे पाठ असतात. नेव्ही, शाई, चिंतामणी, रामा, मोरपिशी, वांगी, जांभळा असे करत अकरा ताग्यांतून प्रत्येकी अर्धा मीटर घेतले. दुकानदाराने सवयीने विचारले, "ताई, साडी कुठली?" मी मोबाइलवर छताचे छायाचित्र दाखवल्यावर त्याने ते दाराजवळ नेऊन पाहिले आणि मी बाजूला ठेवलेल्या ताग्यांत वांगी रंगाचा एक तागा स्वतःहून घातला. तो नसता तर आकाश सपाट झाले असते. राव्हेनाच्या निळ्यातही जागोजागी जांभळट आणि हिरवट तुकडे मिसळलेले आहेत, आणि लांबून जो एकच निळा वाटतो तो या मिश्रणामुळे जिवंत वाटतो.

कापड आधी धुऊन, वाळवून, पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून पाहिले. नेव्ही आणि वांगी यांचा रंग जात होता. ते पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतले. नंतर प्रत्येक कापडाच्या उलट्या बाजूस दोन्हीकडून चिकटणारी इस्त्रीची जाळी लावली, फिरत्या पात्याच्या कटरने 12 मिलिमीटरच्या पट्ट्या आणि पट्ट्यांचे चौकोन कापले. दोन तुकड्यांत दोन मिलिमीटरची फट धरली तर प्रत्येक तुकड्याला 14 मिलिमीटर जागा लागते, म्हणजे 120 सेंटिमीटरमध्ये सुमारे 86 तुकडे आणि सबंध चौरसात सात हजारांच्या वर. हा आकडा वहीत लिहिल्यावर मी दोन दिवस कात्रीला हात लावला नाही.

पहिला नमुना

सगळे काम हाती घेण्याआधी 40 सेंटिमीटरचा नमुना करून पाहण्याचा निर्णय या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय ठरला. धुतलेल्या मांजरपाटावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, एक तारा आणि भोवतीचे आकाश अशी आकृती घेतली आणि एकेक चौकोन आपापल्या घरात बसवत गेले. 28 गुणिले 28, म्हणजे 784 तुकडे. रंग उत्तम जमले होते. तरीही भिंतीवर लावून चार पावले मागे गेल्यावर जे दिसले ते न्हाणीघराच्या फरशीसारखे होते. ताऱ्याच्या कडा भरतकामातल्या फुलीच्या टाक्यासारख्या पायरीपायरीच्या झाल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे, मांजरपाटाची फिकट जाळी आधी नजरेत भरत होती आणि आकाश तिच्यामागे अडकल्यासारखे वाटत होते.

यात दोन चुका होत्या आणि त्या वेगळ्या करायला मला तीन आठवडे लागले. पहिली चूक फटीच्या रंगाची. गडद तुकड्यांमध्ये फिकट फट ठेवली की डोळा तुकडे जोडत नाही, फटच जोडत जातो. मोझॅकमध्ये तुकडे गिलाव्याच्या जरासे वर असतात, सांध्यांत सावली पडते, म्हणून लांबून फट दबते. कापडाला अशी उंची नाही, तेव्हा ती सावली रंगानेच द्यायला हवी होती. मांजरपाट काढून राखाडी निळे कापड तळाला घेताच हा प्रश्न सुटला.

दुसरी चूक मोठी होती आणि तिचे उत्तर घरातच सापडले. माझ्या आजीची एक वाकळ माझ्याकडे आहे; सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात तिने जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची शिवलेली. थंडीत ती बाहेर काढली तेव्हा खिडकीच्या तिरप्या उजेडात तिचे टाके उठून दिसले. वाकळभर धावदोरा सरळ रेषेत गेलेला होता, पण जिथे ठिगळ होते तिथे आजीने आधी ठिगळाच्या कडेला लागून एक फेरा मारला होता, त्याला लागून दुसरा, मग तिसरा, आणि मग त्या ओळी हळूहळू सैल होत बाकीच्या सरळ ओळींना जाऊन मिळाल्या होत्या, जसे ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालून पुन्हा प्रवाहाला लागते. मी राव्हेनाचे छायाचित्र शेजारी ठेवले. तिथेही हेच होते. ताऱ्याच्या भोवती निळ्या तुकड्यांची एक ओळ ताऱ्याचा आकार घट्ट धरून जाते आणि त्यानंतरच्या ओळी वळत वळत पार्श्वभूमीत विरघळतात. इटालियन कारागीर या वाहण्याला अन्दामेन्तो म्हणतात, म्हणजे चाल. आकृतीला बिलगून जाणाऱ्या नाजूक ओळींच्या रोमन पद्धतीला ओपस व्हर्मिक्युलाटम असे लॅटिन नाव आहे. त्यातल्या व्हर्मिस या शब्दाचा अर्थ अळी. आजीला यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. तिला एवढे ठाऊक होते की ठिगळाची कड आधी बांधली नाही तर ती उसवते.

यानंतर चौकटी आखणे बंद केले. तळाच्या कापडावर खडूने आधी फक्त ओळींची चाल काढली: प्रत्येक ताऱ्याभोवती दोन फेरे, आणि मग घुमटाच्या मध्याकडे पाहणाऱ्या मोठ्या कमानी. चौकोनी तुकडा वळणावर बसत नाही. तो एका बाजूने तासून किंचित पाचरीसारखा करावा लागतो. दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे त्रिकोणी चिंध्या बसवाव्या लागतात. मिनिटाला दोन तुकडे या वेगाने हे काम सुमारे साठ तास चालले आणि मोझॅकचे सगळे सौंदर्य या कंटाळवाण्या तासकामात आहे असे माझे ठाम मत झाले आहे. सारखे चौकोन सारख्या अंतरावर बसवून त्याला मोझॅक म्हणण्याची जी सोपी रीत आहे, तिच्यात चित्र येते, पण जीव येत नाही.

जर

सोन्यासाठी बाजारातले टिश्यू कापड आणले होते. पहिल्याच ताऱ्यावर इस्त्री ठेवली आणि कापड कुरकुरीत होऊन गोळा झाले. आजच्या बऱ्याच टिश्यूंतली जर प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची असते आणि तिला जाळी चिकटवण्याइतकी उष्णता सोसत नाही. इस्त्री मंद केली तर जाळी धरत नाही. हा पेच आईच्या पैठणीने सोडवला. त्या पैठणीचे रेशीम घडीवर विरून फाटले होते, पण पदराची जर शाबूत होती. अशा साड्या पूर्वी दारावर जुनी जर विकत घेणाऱ्यांना देत आणि त्या चांदीसाठी जाळल्या जात. आईने ती दिली नव्हती. पदराला पहिली कात्री लावण्याआधी मी तिला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "ट्रंकेत ठेवून तरी कोण बघणार आहे? काप."

जुनी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली, सोन्याचे पाणी दिलेली चांदीची तार. तिला इस्त्री बाधली नाही. पदरात ही जर आडव्या धाग्यात भरलेली असते, त्यामुळे तिची चमक एका दिशेने अधिक असते. पहिले पाच तारे पूर्ण झाल्यावर माझ्या ध्यानात आले की त्यांतला एक तारा इतरांपेक्षा मळकट दिसतो. तुकडे तेच, पदर तोच. उचलून पाहिले तेव्हा कळले की त्या ताऱ्याचे तुकडे मी पट्टी आडवी धरून कापले होते. मेजावरचा दिवा डावीकडून उजवीकडे सरकवला, तर तो मळकट तारा उजळला आणि बाकीचे चार मावळले.

राव्हेनात चार पावले चालताना जे पाहिले होते तेच हे होते. कारागिराने काच तिरपी करून जे साधले होते ते कापडात धागा फिरवून साधते. त्यानंतर प्रत्येक ताऱ्याचे आठ कोन मी मुद्दाम निरनिराळ्या दिशेने कापले: काही उभे, काही आडवे, थोडे तिरपे. तिरपे तुकडे लवकर सुटतात, म्हणून ते ताऱ्याला दोनच ठेवले. आता गोधडीसमोरून चालत गेले की तारे एकदम चमकत नाहीत, एकामागून एक चमकतात. या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, आणि ते एका चुकीने कापलेल्या पट्टीमुळे हाती लागले.

टाके

मधल्या थरासाठी पॉलिस्टरची जाड गादी घेण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला होता. तिने कापड फुगते आणि प्रत्येक तुकडा छोट्या उशीसारखा दिसतो. भिंतीचा, गिलाव्याचा सपाट घट्टपणा जातो. मी जुन्या सुती साड्यांचे दोन थर घातले आणि मागे मांजरपाट लावले. पहिल्या नमुन्यात नाकारलेले कापड असे मागच्या बाजूने परत आले.

केवळ जाळीने चिकटलेले तुकडे कालांतराने कडेने उचलतात. त्यावर तलम नेटचे आवरण घालणे हा नेहमीचा उपाय आहे आणि निळ्या भागावर तो उत्तम लागू पडला, कारण गडद निळे नेट निळ्यावर दिसतही नाही. जरीवर मात्र तेच नेट धुरासारखे पसरते. म्हणून नेट सबंध अंथरून टाचले आणि प्रत्येक ताऱ्यावर नखाएवढ्या कात्रीने त्याच्या आकाराचे भोक पाडले. नेटचे धागे सुटत नसल्याने कडा दुमडाव्या लागल्या नाहीत. तारे मात्र उघडे राहिले. त्यांचा प्रत्येक तुकडा बारीक रेशमी दोऱ्याने दोन बाजूंनी बांधला.

धावदोरा फटींतून चालवला, तुकड्यांवरून नाही. दोन मिलिमीटरच्या फटीत सुई बरोबर उतरवणे आणि चिकटवलेल्या थरांतून ती पलीकडे काढणे यात अंगुस्तान असूनही मधले बोट दुखत राहिले. शिवाय वरच्या उजव्या कोपऱ्यापासून कमानींनी बाहेर येताना मी कच्चे टाके पुरेसे घातले नव्हते. निम्मे काम झाल्यावर डाव्या कडेला झोळ आला. तेवढा भाग उसवून, दर दहा सेंटिमीटरवर उभेआडवे कच्चे टाके घालून पुन्हा शिवावे लागले. यात सोळा दिवस गेले. टाक्यांनी कापड आकसतेही. शेवटी गोधडी एका दिशेने 117 आणि दुसऱ्या दिशेने 118.5 सेंटिमीटर भरली. कडेला चार सेंटिमीटर जास्त आकाश ठेवले होते, त्यातून ती 116 सेंटिमीटरच्या नेमक्या चौरसात कापता आली. हे जास्तीचे कापड न ठेवता कडेपर्यंत तारे भरले असते तर दोन तारे कापले गेले असते. कडेला राखाडी निळ्या कापडाचीच मगजी लावली. वेगळ्या रंगाची मगजी आकाशाला चौकट घालते आणि मला ती नको होती.

टांगल्यानंतर

मागे वरच्या बाजूस रुंद नेफा शिवून त्यात लाकडी पट्टी घातली आहे. प्रथम गोधडी खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावली होती. तिथे सगळा उजेड समोरून सारखा पडत असल्याने तारे एकसारखे पिवळे दिसत, आणि थेट उन्हाने ब्लाउजच्या कापडाचा रंग उडण्याची भीती होती. आता ती बाजूच्या भिंतीवर आहे. दुपारी उजेड तिच्यावर घासून जातो, आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की त्याची हलती ज्योत खालच्या मोठ्या ताऱ्यांत दिसते.

डाव्या खालच्या कोपऱ्याजवळ दोन ताऱ्यांचे फेरे एकमेकांवर आदळतात. तिथे ओळींना वळायला जागा उरली नाही आणि त्रिकोणी चिंध्यांची गर्दी झाली आहे. खडूने चाल काढतानाच ते दिसायला हवे होते. पुढच्या वेळी ताऱ्यांच्या जागा ठरवण्याआधी चाल काढीन. ती जागा उसवून नीट करण्याचा विचार दोनदा केला आणि नेटचे आवरण फाटेल म्हणून सोडून दिला.

गोधडी लावून दहा महिने झाल्यावर मी ती उतरवून तुकडा न् तुकडा बोटाने चाचपला. एकोणीस तुकडे सुटू लागले होते. ते सगळे जरीचे होते आणि बहुतेक तिरपे कापलेले होते. सतरा तुकडे तिसऱ्या टाक्याने बांधले. दोन तुकडे केव्हाच गळून केरात गेले असावेत. त्यांच्या जागी राखाडी निळे तळाचे कापड दिसत होते. राव्हेनाच्या छताचीही एकोणिसाव्या शतकापासून वेळोवेळी अशीच डागडुजी होत आली आहे. पैठणीच्या पदराचा तळहाताएवढा तुकडा मी जपून ठेवला होता, त्यातून दोन कोन कापून त्या जागी बसवले आणि उरलेला तुकडा नेफ्याच्या आत टाचून ठेवला.